सेकंड हँड १.० टीएसआय घ्यावी का? घाटातला वापर आहे, वडील म्हणतात टर्बो नको

कोयनाकाठ

नमस्कार मंडळी, इथे बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदा विचारतोय. कराडला असतो, सध्या जुनी वॅगन आर आहे, तिला तसं काही दुखणं नाही, पण घरात माणसं वाढली आणि सासुरवाडी चिपळूणची, म्हणजे कुंभार्ली घाट आलाच. मोठी चार माणसं, एक पोरगं, एसी चालू, येताना डिकीत तांदूळ नाहीतर आंब्याच्या पेट्या, आणि वळणावर पुढे ट्रक लागला की संपलं, दुसरा गियर टाकायचा आणि नुसता आवाज ऐकत त्याच्या मागे चढायचं.

तर एक फोक्सवॅगन व्हर्टस बघून ठेवलीय, २०२२ ची, १.० टीएसआय म्हणजे कंपनीचं टर्बो पेट्रोल इंजिन, मॅन्युअल, फर्स्ट ओनर, एमएच १२ पासिंग, रनिंग ५० हजारच्या आतबाहेर. चालवून बघितली आणि खरं सांगतो, तिसऱ्या गियरला जी ओढ लागते ना, वॅगन आरवाल्याला ते सहनच होत नाही. पण घरी वाद पेटलाय. वडिलांचं म्हणणं, ९९९ सीसीतून ११५ ची ताकद काढायची म्हणजे इंजिन पिळून काढणं आहे, त्यात तीनच सिलेंडर, वर टर्बो, लाखाच्या पुढे गेलं की बसलंच समज, त्यापेक्षा गपगुमान नवी स्विफ्ट घे. मेव्हण्याचं वेगळंच, तो म्हणतो यात वॉल्वची वेळ जुळवणारी टायमिंग चेन नाही, बेल्ट आहे, तुटला की वॉल्व पिस्टनवर आपटणार, इकोस्पोर्टवाल्यांचं काय झालं ते बघ.

मला नुसतं घे किंवा नको असं उत्तर नकोय. हे इंजिन आतून कसं आहे, नेमकं काय जातं, काय जात नाही आणि सेकंड हँड बघताना कुठे बोट ठेवायचं, एवढं कुणीतरी नीट सांगा राव.

साधंइंजिन

वडिलांचं ऐका. टर्बो म्हणजे ९०० डिग्रीच्या धुरावर फिरणारा पंखा, मिनिटाला दीड-दोन लाख फेरे, आणि बेअरिंगला आधार काय तर ऑइलचा पातळ थर. जो पार्ट गाडीत नाही तो बिघडत नाही. घाट काय वर्षातून किती वेळा चढणार तुम्ही?

टॉर्कताई

कोयनाकाठ, मी इंजिन टेस्टिंगमध्ये आहे, पुण्यातच, पण या कंपनीत नाही, त्यामुळे बाजू घ्यायचं कारण नाही. थोडं लांबेल, चहा घेऊन बसा.

आधी "पिळून काढणं" बघू. ११५ पीएस ही ताकद ५००० ते ५५०० आरपीएमला आहे, तिथे तुम्ही महिन्यातून एकदा जाल नाहीतर जाणारही नाही. रोजच्या कामाचा आकडा दुसरा आहे, टॉर्कचा म्हणजे ओढीचा, १७८ न्यूटन मीटर (एनएम), आणि तो १७५० आरपीएमपासून मिळतो. हिशोब केलात तर १७५० ला साधारण ४४ पीएस आणि २५०० ला ६३ पीएस हातात असतात. वडील म्हणतात ती नवी स्विफ्ट ८२ पीएसची, ११२ एनएमची, आणि ते ११२ मिळतात ४३०० आरपीएमला. म्हणजे त्याच घाटात तोच ट्रक ओलांडायला ते इंजिन तुम्हाला चार-साडेचार हजारावर ओरडवावं लागणार आणि हे अडीच हजारावर काम करून मोकळं होणार. आता पिळून कोण निघालं ते तुम्हीच सांगा. आणि हो, २०२४ पासूनची नवी स्विफ्टसुद्धा तीन सिलेंडरचीच आहे, हे वडिलांना जरा जपून सांगा.

हे ईए२११ घराण्यातलं इंजिन आहे, बोअर ७४.५, स्ट्रोक ७६.४ मिमी, ॲल्युमिनियम ब्लॉक, डायरेक्ट इंजेक्शन म्हणजे पेट्रोलचा फवारा थेट सिलेंडरच्या आत. साध्या इंजिनाला नंतर टर्बो डकवलाय असा प्रकार नाही, पिस्टन, कनेक्टिंग रॉड, कूलिंग सगळं त्या दाबाचा विचार करून केलेलं. मला त्यात सगळ्यात आवडणारी गोष्ट म्हणजे एक्झॉस्ट मॅनिफोल्ड, म्हणजे धूर गोळा करणारी नळ्यांची जुडी, हेडमध्येच ओतलेलं आहे आणि त्याच्याभोवती कूलंट फिरतं. त्यामुळे सकाळी इंजिन लवकर तापतं आणि घाटात जोर लागतो तेव्हा टर्बोकडे जाणारा धूर आधीच थोडा निवलेला असतो. टर्बोने दाबलेली हवा थंड करणारा इंटरकूलरही पुढे जाळीत लटकवलेला नाही, इनटेक मॅनिफोल्डच्या आत पाण्यावर चालणारा आहे, नळीचा प्रवास कमी, म्हणून पेडलवर पाय ठेवल्यावर उत्तर लवकर येतं. थरथर मारणारा बॅलन्स शाफ्ट नाही, त्यामुळे आयडलला थोडी थरथर जाणवेल, तो बिघाड नाही, तीन सिलेंडरचा स्वभाव आहे.

आता बेल्ट. मेव्हण्यांनी दोन वेगळ्या गोष्टी एकात कालवल्यात. इकोस्पोर्टचं १.० इकोबूस्ट, जे आपल्याकडे २०१३ ला आलं आणि तेव्हा सलग तीन वर्षं जगातलं बेस्ट इंजिन म्हणून बक्षिसं घेत होतं, त्यातला बेल्ट इंजिन ऑइलमध्ये बुडालेला असतो. चुकीचं ऑइल पडलं किंवा ऑइल बदलायला उशीर झाला की रबर सुटायला लागतं, त्याचा चोथा ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन बसतो, मग ऑइल प्रेशर जातं आणि पाठोपाठ इंजिन. टीएसआयचा बेल्ट कोरडा आहे, कव्हरच्या आत, ऑइलशी त्याचा संबंध नाही. तुटला तर नुकसान मोठं हे खरंच, पण वेळेवर तपासून बदलायची वस्तू आहे ती. आणि चेन म्हणजे आयुष्यभर चिंता नाही हेही डोक्यातून काढा, याच कंपनीचं आधीचं १.२ टीएसआय चेनवालं होतं आणि चेन ताणली जाते म्हणून जगभर गाजलं, पुढच्या घराण्यात ते बेल्टवर आले.

कोयनाकाठ

ताई, एवढं सविस्तर कुणी सांगितलं नव्हतं, मनापासून आभार. स्विफ्टचा तीन सिलेंडरचा मुद्दा जेवताना काढला, पप्पा दोन मिनिटं गप्प झाले, मग म्हणाले "पण टर्बो तर नाही ना". म्हणजे साधंइंजिन साहेबांचा आणि त्यांचा मुद्दा अजून उभा आहे. त्यावर सांगा.

गॅरेज_सातपूर

दादा, मी नाशिकला गॅरेज चालवतो, सगळ्या कंपन्यांच्या गाड्या येतात म्हणून नावं घेत नाही, पण टर्बो पेट्रोल आता रोजचंच झालंय. माझ्याकडे टर्बो गेला म्हणून जी गाडी येते तिचं मी पहिलं काय बघतो तर ऑइलची बिलं, आणि दहातल्या आठांकडे बिलंच नसतात. टर्बो आपणहून मरत नाही हो, त्याला ऑइल मारतं. काळं पडलेलं, वर्ष-दीड वर्ष न बदललेलं, नाहीतर कुणीतरी स्वस्तातलं टाकलेलं ऑइल. ते टर्बोच्या बेअरिंगपाशी उष्णतेने जळतं, कोळसा होतो, ऑइलची नळी अर्धी बुजते, मग शाफ्टला खेळ येतो, शिट्टीसारखा आवाज चालू होतो, मागून निळा धूर, आणि मालक म्हणतो "टर्बो इंजिनंच बेकार".

दुसरं म्हणजे चालवायची पद्धत. वॅगन आरवरून येणारा माणूस ॲव्हरेजसाठी पटापट वरचे गियर टाकतो, चौथ्यात ४० ला गाडी, आरपीएम बाराशे, आणि चढ आला की गियर न पाडता पाय पूर्ण दाबतो. साध्या इंजिनात गाडी गुदमरते, हलते, तुम्हाला कळतं आणि तुम्ही गियर पाडता. टर्बोमध्ये गाडी कुरकुरत का होईना पण ओढते, म्हणून माणूस तसंच चालवत राहतो. आत काय चाललंय ते ताई सांगतील, मी फक्त फुटलेला पिस्टन दाखवू शकतो.

सर्विसचं म्हणाल तर या गाडीला कंपनीचं वेळापत्रक १५ हजार किलोमीटर किंवा वर्ष. माझ्या गिऱ्हाइकांना मी साडेसात हजाराला मधलं ऑइल आणि फिल्टर बदलायला लावतो, काही हजाराचा प्रश्न असतो. घाट, धूळ, शहरातलं ट्रॅफिक, हे सगळं कडक वापरातच येतं.

आणि घाट चढून आल्यावर दोन मिनिटं आयडलला ठेवून मगच बंद करा, हे विसरू नका.

टॉर्कताई

सातपूर दादांचा पिस्टनचा मुद्दा अगदी महत्त्वाचा आहे. त्याला एलएसपीआय म्हणतात, कमी आरपीएम आणि भरपूर लोड असताना स्पार्क पडायच्या आधीच मिश्रण पेटतं. सिलेंडरच्या भिंतीवरून सुटलेले ऑइलचे बारीक थेंब किंवा सुटा कार्बन ठिणगीचं काम करतो. साधं नॉकिंग, म्हणजे स्पार्कनंतर मिश्रण अवेळी पेटून बसणारा ठोका, असेल तर सेन्सर ऐकतो आणि ईसीयू म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर स्पार्कचं टायमिंग मागे घेतो, पण यात स्पार्कच्या आधीच सगळं घडून गेलेलं असतं, ईसीयूला मागे घ्यायला काही उरतच नाही. एका दणक्यात पिस्टनच्या रिंगांमधली पट्टी तुटू शकते. ऑइलमधल्या कॅल्शियमच्या डिटर्जंटमुळे हे वाढतं असं लक्षात आल्यावर ऑइलची प्रमाणं बदलली, एपीआय या अमेरिकेतल्या पेट्रोलियम संस्थेने ऑइलचे दर्जे म्हणून २०१८ ला एसएन प्लस आणि २०२० ला एसपी आणलं त्यात याची वेगळी चाचणी आहे. म्हणून ऑइल घेताना नुसता ५डब्ल्यू३० हा पातळ-जाडपणाचा आकडा बघून घेऊ नका, मॅन्युअलमध्ये कंपनीचा जो मान्यता क्रमांक छापलाय, ५०२ ०० वगैरे, तो डब्यावर आहे का ते बघा.

कुंभार्लीत करायचं एवढंच, १७५० च्या खाली असताना पाय पूर्ण दाबायचा नाही. गियर पाडा, २००० ते ३००० मध्ये ठेवा, मग हवा तेवढा दाबा. या इंजिनात १५०० च्या खाली तसाही जीव नाही, ते तुम्हाला दोन दिवसात कळेलच.

आयडलवर मात्र माझं दादांशी पटत नाही. या इंजिनात टर्बो आणि इंटरकूलरचं पाणी फिरवायला वेगळा इलेक्ट्रिक पंप आहे, गाडी बंद केल्यावरही गरज असेल तर तो चालत राहतो, बोनेटपाशी बारीक घूं असा आवाज येईल. रोज बाजारातून घरी आलात आणि दोन मिनिटं पेट्रोल जाळत बसलात तर उपयोग शून्य. घाट चढून लगेच टपरीवर थांबलात तर अर्धा मिनिट पुरे.

गॅरेज_सातपूर

ताई पंप पाण्याचा आहे, ऑइलचा नाही. इंजिन बंद झालं की ऑइल थांबलं. मी दोन मिनिटंच सांगणार. दोन मिनिटाचं पेट्रोल किती, आणि टर्बो केवढ्याला? बाकी सगळं पटलं.

नेकरकाठ

मी मूळचा सांगलीचा, सध्या स्टुटगार्टकडे. इकडे हे १.० टीएसआय पोलो, गोल्फ, फाबिया, अगदी ऑक्टाव्हियातसुद्धा वर्षानुवर्षं आहे, तेव्हा इतक्याशा इंजिनाला एवढी मोठी गाडी झेपते का ही शंका इकडे कुणी काढत नाही. जे दुखणं इकडच्या मालकांच्या तोंडी सारखं असतं ते टर्बोचं नाही, पाण्याचं आहे. ईए२११ मध्ये वॉटर पंप आणि थर्मोस्टॅट एकत्र एका प्लास्टिकच्या हाउसिंगमध्ये आहेत, इंजिनाच्या गियरबॉक्सकडच्या टोकाला, त्यांचा स्वतःचा छोटा बेल्ट आहे. तिथून वय झाल्यावर कूलंट पाझरतं. एकदम भळाभळा नाही, थोडं थोडं, खाली डागही पडत नाही कारण गरम भागावर उडून जातं, फक्त टाकीतली पातळी हळूहळू उतरते आणि जोडाशी गुलाबी पापुद्रा जमतो. ते बघून घ्या. आणि कूलंट कमी दिसलं म्हणून नळाचं पाणी भरणारा आधीचा मालक असेल तर गाडी सोडून द्या.

डायरेक्ट इंजेक्शनमुळे इनटेक वॉल्ववर पेट्रोलचा फवारा पडत नाही, त्यामुळे तिथे काजळी साचते, हे सगळ्याच डायरेक्ट इंजेक्शन इंजिनांचं आहे, ह्युंदाईचं १.० टर्बो घ्या नाहीतर मारुतीचं बूस्टरजेट. जास्त रनिंगनंतर आयडल खडबडीत वाटायला लागलं तर वॉल्व साफ करावे लागतात. ज्यांना हे नकोच असेल त्यांच्यासाठी नेक्सॉनचं १.२ आणि मॅग्नाइटचं १.० टर्बो आहे, ती दोन्ही पोर्ट इंजेक्शनवाली, म्हणजे पेट्रोल वॉल्वच्या आधीच फवारणारी आहेत, पण मग तेवढी नेमकी पेट्रोलची मोजणीही नाही.

साधंइंजिन

एवढं सगळं सांभाळायचं, क्रमांक बघून ऑइल, गुलाबी पापुद्रा, वॉल्व साफसफाई, हे वाचून मला माझी साधी गाडी अजूनच आवडायला लागली. आणि ई२० चं, म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलचं काय? दोन गाड्या आहेत घरात, दोन्हींचं ॲव्हरेज कमी झालं. टर्बोत तर अजून वाट लागेल.

टॉर्कताई

साहेब, ॲव्हरेज कमी होणारच, इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असते, लिटरभर जाळून कमीच मिळणार. पण टर्बोत वाट लागेल हे उलटं आहे. इथेनॉलचा ऑक्टेन, म्हणजे अवेळी न पेटण्याची ताकद, पेट्रोलपेक्षा बराच जास्त, आणि ते वाफ होताना उष्णता ओढून घेतं, डायरेक्ट इंजेक्शनमध्ये हे थेट सिलेंडरच्या आत होतं. टर्बो इंजिनाचा खरा शत्रू नॉकिंग, आणि त्यात इथेनॉल मदतच करतं. प्रश्न आहे तो रबरी नळ्या, सील, पंप यांचा. त्यासाठी पेट्रोलच्या झाकणाच्या आतलं स्टिकर वाचा, २०२२ ची गाडी आहे म्हणजे नव्या गाड्यांना ई२० चालायला हवं हा नियम लागू व्हायच्या आधीची, स्टिकरवर ई१० असेल तर सर्विस सेंटरकडून मॉडेल वर्षानुसार लेखी विचारून घ्या, सेल्समनच्या तोंडावर जाऊ नका.

तसंच २०२१ मध्ये स्कोडा कुशाकच्या सुरुवातीच्या काही गाड्यांत ईपीसीची, म्हणजे इंजिनात बिघाड असल्याचा इशारा देणारी लाइट लागून ताकद जायची, तेव्हा कंपनीने गाडीतले फ्युएल पंप बदलून दिले होते. इंजिन तेच आहे. तुमची गाडी नंतरची आहे, तरी सर्विस हिस्ट्रीत पंपाची नोंद आहे का बघायला काय जातंय.

गॅरेज_सातपूर

कोयनाकाठ दादा, आता बघायला जाल तेव्हाचं सांगतो. मालकाला आदल्या दिवशी फोन करून सांगा की मी यायच्या आधी गाडी चालू करू नका. बोनेटला हात लावून बघा, गरम असेल तर समजा काहीतरी लपवायचंय. थंड स्टार्टला पहिल्या काही सेकंदात जो आवाज येतो आणि मागून जो धूर येतो तो खोटं बोलत नाही. मग दहा मिनिटं आयडलला ठेवा, एसी लावा, आणि एकदम रेस द्या, निळा धूर आला तर टर्बोचा सील नाहीतर इंजिन ऑइल खातंय. ऑइलची पट्टी काढून बघा, झाकणाखाली चिकट काळं काही आहे का बघा. मागच्या सर्विसपासून पातळी किती उतरली तेही विचारा.

क्लच बघा. टॉर्क जास्त असल्यामुळे हाफ क्लचवर चालवणाऱ्याची प्लेट लवकर जाते. चौथ्या गियरला ५० वर असताना पूर्ण रेस द्या, आरपीएम उडाला आणि स्पीड वाढला नाही तर क्लच आला, तेवढे पैसे किमतीतून कापा.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट, पुण्याची गाडी आहे ना? मग रिमॅप, म्हणजे ईसीयूचं सॉफ्टवेअर बदलून ताकद वाढवणं, झालाय का बघा. पोरं हौसेने स्टेज वन म्हणजे पहिल्या टप्प्याचा रिमॅप मारतात, ११५ वरून दीडशेच्या घरात नेतात, दोन वर्षं मजा करतात आणि विकताना परत स्टॉक फाइल म्हणजे कंपनीचं मूळ सॉफ्टवेअर टाकून "अनटच्ड" म्हणून विकतात. वडील म्हणतात ते पिळून काढणं, ते हे. तेव्हा क्लच, स्पार्क प्लग, कॉइल, टर्बो सगळ्यांनी मार खाल्लेला असतो.

कोयनाकाठ

हे माझ्या डोक्यातच नव्हतं. स्टॉक फाइल परत टाकली असेल तर मला कळणार कसं? आणि दादा, मालक पंचविशीतला आहे, रिम्स बदललेत, एक्झॉस्ट स्टॉक आहे असं म्हणतो 😬

नेकरकाठ

रिम्स बदलले म्हणजे लगेच रिमॅप असं नाही, पण तपासाच. अधिकृत सर्विस सेंटरला गाडी जोडली की कंपनीच्या सर्व्हरवर ईसीयूचं सॉफ्टवेअर ताडून बघता येतं. फरक सापडलेल्या गाडीवर टीडी१ असा शिक्का पडतो आणि तो लागला की इंजिन-गियरबॉक्सच्या वॉरंटीचे क्लेम अडकतात. चॅसी नंबर देऊन विचारा, टीडी१ आहे का. शिक्का नसला म्हणजे कधीच रिमॅप नव्हता असं शंभर टक्के सिद्ध होत नाही, कारण त्या काळात गाडी सेंटरला गेलीच नसेल. म्हणून सर्विसच्या तारखा बघा, मध्ये वर्षभराची पोकळी असेल तर तिथे काहीतरी गोष्ट आहे.

वॉरंटीचंही विचारून घ्या, व्हर्टसला ४ वर्षं किंवा १ लाख किलोमीटरची होती, २०२२ ची म्हणजे वाढवून घेतली नसेल तर आता संपलेली किंवा संपत आलेली. वाढवलेली असेल तर ती तुमच्या नावावर होते का ते कागदावर बघा.

साधंइंजिन

बरं एक कबूल, ट्रकच्या मागे अडकणं मलाही आवडत नाही. पण स्कॅन केल्याशिवाय टोकन देऊ नका, एवढं तरी माझं ऐका.

कोयनाकाठ

मालकाशी बोललो. सर्विसची बिलं मागितली तर पहिल्या दोन सर्विस कंपनीत आणि नंतरच्या "ओळखीच्या मेस्त्रीकडे" म्हणाला, ऑइल कुठलं ते सांगता येईना. चॅसी नंबर द्यायला मात्र तयार आहे. रविवारी पुण्याला जाणार होतो पण आता सोमवारची सुट्टी टाकलीय, म्हणजे गाडी थेट सर्विस सेंटरलाच नेऊन जोडता येईल. त्याच शहरात अजून एक गाडी आहे, स्कोडा स्लाव्हिया, तेच इंजिन, रनिंग जास्त, ७० च्या पुढे, पण सगळी बिलं एकाच सेंटरची आणि रेट थोडा कमी. पप्पाही येतो म्हणालेत, चालवून बघायला नाही, बोनेटला हात लावायला.

गॅरेज_सातपूर

स्लाव्हिया आधी बघा.